सिरोंच्यात आपलं कोण हाय?

"आपण सिरोंच्याले जाऊन राहू," महादेवराव ताटावरून उठता उठता म्हणाले.

सुमतीचा भाकर उलटवाचा हात तसाच राहिला. "कोण गेलं?" तिनं विचारलं.

"कोणी नाई गेलं."

"मंग लग्न हाय का कोणाचं?"

"लग्न बी नाई."

"मंग काहून?"

महादेवरावानं हात धुतले, दुपट्ट्याले पुसले. "काहून म्हंजे काय वं? राहाले. आठ-पंधरा दिवस. नदी हाय तठी. जुनं गाव हाय. शांत हाय." एवढं बोलून ते ओट्यावर जाऊन बसले, जसं काही त्यानं दुधाचा भाव सांगितला.

भाकरीचा जळका वास आला तेव्हा सुमतीनं ती उलटवली. पण गोष्ट काही तिच्या डोक्यात उतरेना. तिच्या लेखी गावं दोनच जातीची. एक, जिथं आपलं माणूस हाय. दुसरं, जिथं नाही. पहिल्या जातीच्या गावाले माणूस जाते. दुसऱ्या जातीच्या गावावरून यष्टी जाते, माणूस खिडकीतून पाह्यते, बस. सावनेरच्या पलीकडच्या खेड्यातून लग्न होऊन ती नागपूरले आली, त्याले आता जन्म लोटला. ती काटोलले गेली ते मामाकडे, उमरेडले गेली ते इहिणीकडे. रामटेकचा देव पाहाले गेली तरी गडाखाली मावशीच्या घरी उतरली. पहिले मावशी पाह्यली, मंग देव.

अन् हा माणूस म्हणते, सिरोंच्याले जाऊन राहू. कोणाच्या घरी, ते काही सांगत नाही.

महादेवराव भोंगाडे म्हणजे काही भटक्या जीव नव्हे. गांधीबागेतल्या एका ठोक कापडाच्या दुकानात त्यानं उभी हयात शर्टिंगचे तागे उलगडले अन् वापस गुंडाळले. दिवाळीनंतर शेठच्या पोरानं अर्धी गादी उचलून तिथं कॉम्प्युटर मांडले, अन् महादेवरावाले हार घालून, शाल पांघरून घरी पाठवलं. तेव्हापासून ते ओट्यावर बसत. भांडत नव्हते, टीव्ही लावत नव्हते. सुमती म्हणे, बसू द्या, माणूस थकला. हे बसणं आतून काही शिजवून राहिलं हाय, हे तिले काय माहीत?

अन् घर म्हणाल तर मानेवाड्याच्या गल्लीत दोन खोल्या, एक ओटा. पण सावनेरकडच्या साऱ्या गणगोताचं नागपुरातलं ठाणं तेच. गावात कोणाचं काही दुखलं की ते दुखणं पहिले सुमतीच्या ओट्यावर येऊन बसे, मंग रामदासपेठेतल्या दवाखान्यात जाये. कोणाचा मोतीबिंदू, कोणाची बाळंतीण, कोणाच्या पोट्ट्याची भरतीची परीक्षा. कपाटावर गाद्यायची चळत अशी होती की तिच्यामागचा गणपतीचा कोनाडा कित्येक वर्षं कोणी पाह्यला नव्हता. लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवशी बाजूच्या खोलीत महादेवरावाचे काका पाय मोडून प्लास्टरात पडले होते अन् घडोघडी पाणी मांगत होते. नव्या नवरीनं नवऱ्याचं तोंड पाहाच्या आधी काकाचा गिलास पाह्यला. तेव्हापासून आजलोक त्या घरात दोघंच्या दोघं असे कधी राहिलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं वापस विषय काढला. "बरं, जाचं तं जाऊ. पण सिरोंचाच काहून? चिखलदरा हाय, नागझिरा हाय. लोक जातेत तठी."

"दुकानात तठचा एक यापारी येये," महादेवराव म्हणाले. "अर्धं तेलगू, अर्धं मराठी बोले. माल बांधून होयेलोक माह्याजवळ बसे. एक डाव मी विचारलं, भाऊ, तुमच्या गावात संध्याकाळी काय होते? तो म्हणे, काहीच होत नाई. नदी वाह्यते. आमी पाह्यतो."

सुमती पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. पुढचं वाक्य आलंच नाही.

"मंग?"

"मंग काय? डोक्यात बसलं माह्या."

"पाणी वाह्यते हे पाहाले एवढ्या दूर? नळ सोडून देते ना मी अठी, पाहा बसून."

महादेवराव हसले. हसले याचीच तिले जास्त धास्ती वाटली. माणूस चिडला तर समजते, हसला तर काय समजाचं?

गल्लीत गोष्ट पसराले येळ नाही लागला. शेजारच्या पार्वतीबाईनं तिले कोपऱ्यात घेतलं. "खरं सांग वं सुमती, नवस हाय का? का कोणाच्या अस्थी राहिल्या शिरवाच्या?"

"काही नाई वं बाई. नुसतंच राहाले."

"नुसतंच कोणी नदीवर जाते का?" पार्वतीबाईले पटलं नाही. संध्याकाळी ती फुटलेल्या काचेची देवायची फोटोफ्रेम घेऊन आली. "नाग नदीत देव टाकाले जीव होत नाई. तुमी चाललेच हा मोठ्या नदीवर, तं एवढं शिरवून येजो." मागच्या घरच्या बाईनं जुन्या देव्हाऱ्यातला भंगलेला नंदी आणून देला. सुमतीनं दोन्ही ठेवून घेतलं. नाही कसं म्हणाचं हे तिले कोणी शिकवलंच नव्हतं. त्याच्यानं तिले एक मात्र बरं वाटलं. कोणी विचारलं तर सांगाले आता काही तरी काम झालं.

रविवारी मयुरा आली, हिंगण्यावरून. पोरगी शिकलेली, बँकेत नोकरीले. तिनं मोबाइल काढला अन् मायले फोटो दाखवाले बसली. हा जुना बंगला, इंग्रजायच्या येळचा. हा पडका किल्ला. ही प्राणहिता, अन् हे पाह्य, अठी ती गोदावरीले मिळते. इंग्रजायच्या काळी या गावातून मोठा मुलूख चाले, आता सारं शांत.

"लोकं कोठी हायेत याच्यात?" सुमतीनं विचारलं. फोटोत नुसतं पाणी अन् वाळू.

"तेच तं चांगलं हाय ना आई. मी खोली बुक करून टाकली लॉजमध्ये. नदी दिसते खिडकीतून. सकाळचा नाश्ता त्यायच्याचकडे."

"कोण करीन नाश्ता?"

"त्यायचा माणूस करीन."

"अन् चादर कोणाची?"

"त्यायचीच."

"म्हंजे कोण झोपलं होतं त्याच्यावर, ते बी मालूम नाई, अन् त्याले पैसे बी आपणच द्याचे!" सुमतीनं कपाळाले हात लावला. तिच्या घरी झोपून गेलेल्या माणसायकडून तिनं कधी चहाचा पैसा घेतला नव्हता.

मंग रस्त्याचं निघालं. मयुरा म्हणे, रेल्वेनं मंचेरियालले उतराचं, तठून चेन्नूरवरून बस, पूल ओलांडला की सिरोंचा. "मंचेरियाल तं तेलंगणात हाय," महादेवराव म्हणाले. "अन् सिरोंचा?" "महाराष्ट्रात." सुमती एकीकडून दुसरीकडे पाहत राहिली. आपल्याच राज्यातून आपल्याच राज्यात जायाले दुसऱ्याच्या राज्यातून जा लागते, असं गाव या माणसानं कोठून हुडकून काढलं?

मयुरा गेल्यावर महादेवरावानं तिले समोर बसवलं. असं त्यानं कधी बसवलं नव्हतं. "हे पाह्य," ते म्हणाले, "तिकिटा दोन काढल्या हायेत. तू आली पाह्यजे असं मले वाटते. पण तू नाई आली तरी मी जाईन. एक डाव मले असं राहाचं हाय, की दारावर कोणी नाई, डब्बा नाई, दवाखाना नाई. आपण दोघं. बस."

सुमती हो म्हणाली नाही अन् नाही बी म्हणाली नाही. खरी भानगड तिची तिलेच माहीत होती अन् ती कोणाले सांगासारखी नव्हती. चादर अन् नाश्ता हे वरवरचं. तिले भेव याचं होतं, की आठ-पंधरा दिवस या माणसाशी बोलाचं काय? आजवर जे बोलणं झालं ते पाहुण्यायचं. मामाले कोणत्या डॉक्टरकडे न्याचं, मोठ्या खोलीत कोण झोपीन, दूध किती घ्याचं. पाहुणे उचलून घेतले तर दोघायच्या मधात उरते काय? समजा काहीच नाही उरलं, तर? हे नागपुरात राहून मालूम नाही पडलं तेच बरं, तिथं नदीवर जाऊन मालूम पडलं तर वापस कोणत्या तोंडानं येतील?

म्हणून तिनं जे केलं ते तिच्या जागी आमच्याकडच्या कोणत्याही बाईनं केलं असतं. तिनं नातं काढलं.

आमच्याकडे नातं काढणं म्हणजे इहिरीत पडलेली बादली गळानं काढासारखं असते. गळ टाकत राहाचा, फिरवत राहाचा, कोठी तरी अडकतेच. सुमतीनं पहिला फोन भावाले लावला, त्यानं बायकोले देला, बायकोनं काटोलले लावला, अन् दुपारलोक बादली वर आली. भावाच्या साळ्याची मोठी साळी, जिजाबाई. नवरा मास्तर म्हणून सिरोंच्याले लागला, तिथंच घर बांधलं, भावायले बी तिथंच नेलं, अन् तिथंच वारला. आता घरात ती अन् तिचा पोरगा मोहित.

महादेवराव बाहेर गेल्यावर सुमतीनं नंबर लावला.

"हालो, जिजाबाई का? मी नागपूरवरून सुमती बोलून राहिली. काटोलवाले तुमचे जवाई हायेत ना, त्यायची बहीण माह्या भावाले देल्ली हाय."

पलीकडे नात्याचा हिशोब लागला, अन् एकदम उजेड पडला. "अवं माय! म्हंजे तू आमच्या जवायाच्या बहिणीची नणंद! मंग तू तं घरचीच निघाली वं! तुह्या भावाच्या लग्नात होती ना मी. वरणात मीठ नव्हतं."

"नव्हतंच!" सुमती हरखली. "आचारी सोनेगावचा होता."

मंग कोण कुठं हाय, कोण गेलं, कोणाची सून कशी, यात मोबाइल कानाले चटका देयेलोक गरम झाला. सुमतीले इतक्या दिवसात पहिल्यांदा जीव जागेवर आल्यासारखं वाटलं. सिरोंचा एकदम जवळ आलं. तिथं आता वाळूबरोबर एक बाई बी होती, जिले अळणी वरण याद होतं. मंग तिनं सांगितलं, आमी येऊन राहिलो तुमच्या गावाले, फलाण्या तारखेले.

"अवं!" जिजाबाई ओरडली. "त्याच हप्त्यात तं आमी नागपूरले येऊन राहिलो! माहा गुडघा दाखवाचा हाय रामदासपेठेत. मोहित लॉज पाहून राहिला होता मोबाइलवर."

अन् सुमतीच्या तोंडातून, तिले न विचारता, ते निघालं जे जन्मभर निघत आलं होतं. "लॉज? लॉज कायले वं? आमी का मेलो हावो? घर हाय ना आपलं. या सीध्या."

फोन ठेवल्यावर ती बराच येळ मोबाइलकडे पाहत बसली. काय झालं हे तिले पायरीपायरीनं समजत गेलं, अन् एकेक पायरी समजली तशी ती खाली खाली बसत गेली.

महादेवराव आले तेव्हा तिनं सांगून टाकलं. लपवणं तिले जमे नाही. त्यायनं ऐकलं. हातातली पिशवी खुटीले टांगली.

"म्हंजे मी पाहुणे चुकवाले सिरोंच्याले जाऊन राहिलो," ते म्हणाले, "अन् तू सिरोंच्याचे पाहुणे अठी बोलावले."

"मी नाई बोलावले. तोंडानं बोलावले."

"तोंड कोणाचं हाय?"

"शिव्या द्या ना तुमी मले," सुमती म्हणाली. "असे चूप नोका बसू."

"शिव्या कायले देऊ?" महादेवराव म्हणाले. "मी जाईन. तुह्यी तिकीट हाय. आली तं चांगलं."

ते खरोखरच चिडले नव्हते, अन् याचंच तिले काही समजेना. त्या हप्त्यात तिनं बॅग भरली, काढली, वापस भरली. मयुरा फोनवर म्हणे, नोको येऊ म्हणून सांग त्यायले. पण घरी येणाऱ्याले येऊ नोको म्हणाले शब्द कोणते वापराचे? तिनं मनात जुळवून पाह्यले. प्रत्येक डाव शेवट "या"च निघे.

गाडी दुपारची होती. जिजाबाई अन् मोहित सकाळीच येऊन धडकले. जिजाबाई अंगानं चांगली जाडजूड, गुडघ्यावर पट्टा, अन् मोठ्यानं बोलणारी. मोहितच्या डोक्यावर तांदळाचं पोतडं अन् हातात आंब्याच्या लोणच्याची बरणी. सुमतीनं पाणी देलं, चहा ठेवला, कपाटावरच्या गाद्या काढल्या. हात आपोआप चालत होते. महादेवराव नवा शर्ट घालून दारात उभे होते. बॅगा पायाशी.

चहा पिऊन जिजाबाईनं कमरेचा बटवा सोडला अन् एक मोठी किल्ली सुमतीच्या हातावर ठेवली. "ही घराची. लॉजवर नोका उतरू, घर रिकामंच हाय. मी साऱ्यायले सांगून ठेवलं. कोंबड्यायले दाणे टाकजो. सकाळी दूधवाला येते, त्याले भांडं देजो. माही जाऊ हाय शेजारी, ती संध्याकाळी बसाले येईन रोज, तिले करमत नाई एकटीले. अन् दिराच्या घरी जेवण हाय तुमचं, मोठ्या दिराच्या बी, लहान्याच्या बी. नाई म्हणू नोको, त्यायले राग येते."

सुमतीनं दाराकडे पाह्यलं. महादेवराव बॅगेच्या पट्ट्याले हात लावून उभे राहिले, जसा माणूस फाटकापाशी मालगाडी जायाची वाट पाह्यते.

"पण तू कोठी चालली?" जिजाबाईले एकदम याद आलं. "भाऊजीले जाऊ दे. माह्यासंग दवाखान्यात कोण येईन? या मोहितले तं काही समजत नाई, तो भैताड हाय."

"खरंच हाय," मोहित म्हणाला अन् पोहे खात राहिला.

हेच ते. सुमतीच्या तोंडात शब्द तयार होता. हो, राहते ना मी, असा. तो शब्द तिच्या जिभेवर इतका घासला होता की त्याले बाहेर याले जोर बी लागत नव्हता. दवाखाना तिले समजत होता, डब्बा समजत होता, ही बाई समजत होती. न समजणारं जे काही होतं ते दारात नवा शर्ट घालून उभं होतं.

ती उठली. स्वयंपाकघरात गेली. "मोहित, अठी ये," तिनं आवाज देला. "हा गॅस. हे बटन दाबून फिरवाचं. चहापत्ती या डब्ब्यात, कनिक त्या टोपात. दवाखान्यात मागच्या गेटानं जाजो, पुढचा वॉचमन डब्बा आत नेऊ देत नाई. आईचे जुने रिपोर्ट वर ठेवजो पिशवीत, खाली नोको. समजलं?"

"समजलं."

"काय समजलं?"

"मागच्या गेटानं."

मंग ती बाहेर आली, जिजाबाईच्या हातात किल्ली वापस ठेवली, अन् पदर खोचला. "घर तुमचंच हाय," ती म्हणाली. "मी जाऊन राहिली."

"अवं, मंग किल्ली काहून वापस देतं? राहशीन कोठी?"

"लॉजवर."

"पैसे देऊन? आपलं घर असून?"

"हो."

"काहून वं?"

सुमतीनं विचार केला.  "मले बी नाई समजलं," ती म्हणाली. "राग नोका मानू. कोंबड्यायचं जाऊबाईले सांगा फोनवर."

जिजाबाईनं किल्ली हातात उलटीपालटी करून पाह्यली. तिले राग आला का नवल वाटलं, हे पाहाले सुमती थांबली नाही, कारण थांबली असती तर बसली असती. आटोत ती बॅग मांडीवर घेऊन बसली.  आटोवाल्यानं जे भाडं सांगितलं त्याच्यावर महादेवरावानं घासाघीस केली नाही, हे तिच्या नजरेतून सुटलं नाही.

गाडीत खिडकीजवळची जागा होती. नागपूर सुटलं. बुटीबोरी गेलं. सेवाग्राम गेलं. सुमतीनं मांडीवर हात ठेवले, उचलले, वापस ठेवले. समोर महादेवराव बाहेरची कपाशीची वावरं पाहत होते. जे भेव वाटत होतं ते येऊन बाजूच्या सीटवर बसलं होतं. बोलाचं काय?

हिंगणघाट येयेलोक तिनं तग धरला. मंग काही तरी विचाराचं म्हणून विचारलं, "दुकानात तुमी दुपारी जेवल्यावर काय करत होते?"

"झोपत होतो," महादेवराव म्हणाले.

"आं?"

"ताग्यायच्या मागे. गार लागे तठी. घंटा, दीड घंटा."

"रोज?"

"रोजच. शेठ बी झोपे."

सुमती सरळ झाली. "मी दुपारी फोन लावो तं मुनीम म्हणे, महादेवराव गिऱ्हाइकात हायेत!"

"मीच सांगून ठेवलं होतं तसं."

"मीच सांगून ठेवलं होतं!" सुमतीचा आवाज असा चढला की पलीकडच्या बाकावरचा बुढा जागा झाला. "तुमच्या काकाचं प्लास्टर सडलं तेव्हा मी एकटीनं रिक्षात घातलं त्यायले, भरदुपारी! तुमच्या त्या नागभीडच्या मामाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा बी तुमी गिऱ्हाइकातच होते! मयुरा पोटात होती माह्या!"

"आता ऐक—"

"काय ऐकू? तागे ऐकू?"

चहावाला आला, दोन कप देऊन गेला, पैसे महादेवरावानं देले. सुमतीनं कप घेतला पण बोलणं थांबवलं नाही. चंद्रपूर मागं पडलं. बल्लारशाले गाडी उभी राहिली तेव्हा ती नागभीडच्या मामाच्या दुसऱ्या डोळ्यावर आली होती, अन् महादेवराव मान हलवत, मधात मधात "बरोबर हाय तुहं" म्हणत, तिच्या कपातला थंडा झालेला चहा आपल्या कपात ओतून घेऊन राहिले होते.